चौक तुंबतो तो तोंडाशी

नागपुरात कोंडीचा विषय निघाला की बोलणं लगेच उड्डाणपुलावर जातं. वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटरचा डबलडेकर पूल २०२० मध्ये सुरू झाला, कामठी रोडवरचा त्याहून लांब पूल २०२४ मध्ये झाला, आणि सरळ जाणाऱ्यांचा वेळ त्यामुळे नक्कीच वाचतो. पण पुलाखालचा चौक जागेवरच राहतो. छत्रपती चौकात वळणारी वाहनं, ऑटोची वाट बघणारी माणसं, रस्ता ओलांडणारी शाळेची पोरं यांपैकी कुणीही पुलावर जात नाही. शिवाय पूल जिथं उतरतो तिथल्या पुढच्याच सिग्नलवर वरची सगळी वाहनं एकदम येऊन जमा होतात. म्हणून पूल झाला तरी चौक सुधारायचं काम उरतंच, आणि जिथं पूल नाही तिथं तर पहिलं काम तेच आहे.

कुठलाही चौक अर्धा तास नीट पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येते. कोंडी चौकाच्या पोटात तयार होत नाही. स्टॉप लाइनच्या अलीकडचे शंभर मीटर आणि चौक ओलांडल्यानंतरचे पन्नास-साठ मीटर, या दोन तुकड्यांत ती तयार होते. हिरवा दिवा असताना वाहनं किती वेगानं चौकात शिरू शकतात आणि शिरल्यावर किती वेगानं बाहेर पडू शकतात, एवढ्यावर सगळं ठरतं. मध्यभागी कारंजं बसवून, आयलंडला रंग देऊन यातलं काहीच बदलत नाही. तोंड मोकळं करणं, बाहेरची वाट मोकळी करणं आणि सिग्नलचं चक्र (एका हिरव्यापासून त्याच बाजूच्या पुढच्या हिरव्यापर्यंतचा वेळ) छोटं करणं ही तीन कामं नीट झाली, तर बहुतेक चौकांना जमीन संपादनाचीही गरज पडत नाही.

आधी मोजा, मग नकाशा काढा

चार रस्त्यांच्या चौकात बारा हालचाली असतात: प्रत्येक बाजूनं डावीकडे, सरळ आणि उजवीकडे. यू-टर्न वेगळे. या बाराही हालचाली दर १५ मिनिटांच्या तुकड्यांत आणि वाहनांच्या प्रकारानुसार मोजायच्या. जवळच्या इमारतीच्या गच्चीवरून व्हिडिओ घेतला तर मोजणी नंतर निवांत बसून करता येते. सकाळी ९ ते साडेअकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ हे तास घ्यावेत. दिवस आठवड्याच्या मधले निवडावेत, पण जवळ आठवडी बाजार असेल तर तोही दिवस घ्यावा. सक्करदऱ्याला बुधवार बाजाराचा आणि सदरला मंगळवारी बाजाराचा दिवस सोडून केलेली मोजणी अर्धवटच म्हणायची.

वेगवेगळी वाहनं एका मापात आणण्यासाठी पीसीयू वापरतात, म्हणजे कार एक धरून बाकीच्यांचं वजन ठरवायचं. सिग्नलच्या हिशेबात दुचाकी साधारण अर्धी धरतात, बस आणि ट्रक त्याच्या कितीतरी पट. आपल्या शहरात दुचाकी एवढ्या आहेत, की नुसती वाहनं मोजून 'या रस्त्यावर गर्दी जास्त' असं म्हटलं तर निष्कर्ष चुकतो. चारशे दुचाकी आणि दोनशे कार चौकाच्या दृष्टीनं सारख्याच.

दोन मापं सहसा कुणी घेत नाही, आणि खरी उपयोगाची तीच असतात. पहिलं रांगेचं. डिव्हायडरवर दर २० मीटरला खडूनं किंवा रंगानं खूण करायची आणि प्रत्येक चक्रात हिरवा लागायच्या क्षणी रांग कुठवर पोहोचली ते लिहायचं. हिरवा संपताना किती गाड्या मागे राहिल्या तेही लिहायचं. दुसरं माप स्टॉप लाइनचं. हिरवा लागल्यापासून दर पाच सेकंदांत किती वाहनं रेषा ओलांडतात ते व्हिडिओवरून मोजायचं. पहिले काही सेकंद सोडले की आकडा स्थिर होतो, आणि रुंदीच्या मानानं तो कमी दिसला तर तोंडाशी काहीतरी अडथळा आहे हे नक्की. रांग लांब आहे, पण हिरव्यात शेवटी रस्ता रिकामा पडतो, असंही काही ठिकाणी दिसतं. तिथं सिग्नलला दोष देऊन उपयोग नाही, मागे कुठेतरी नळी चिमटलेली असते.

बाहेर पडायची वाट

सुरुवात इथूनच करावी, कारण हे सगळ्यांत स्वस्त काम आहे आणि फरक त्याच दिवशी दिसतो. चौक ओलांडल्यावर लगेच डाव्या हाताला 'आपली बस' या शहर बससेवेचा थांबा, त्याला चिकटून चार-पाच ऑटो, त्यामागे ई-रिक्षा, मग पानठेला आणि पानठेल्यासमोर स्टँडवर लावलेल्या सात-आठ गाड्या. रस्ता कागदावर ९ मीटरचा, वाहतुकीला उरतो ५ मीटर. आत येताना तीन रांगांत आलेली वाहनं बाहेर पडताना दीड रांगेत घुसवावी लागतात. मागची वाहनं चौकाच्या पोटात अडकतात, तेवढ्यात आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा होतो, आणि मग चारही बाजू एकमेकींत गुंततात. बघणाऱ्याला वाटतं लोक सिग्नल पाळत नाहीत. मूळ कारण साठ मीटर पुढे बसथांब्यावर असतं.

बसथांबा चौकाच्या कडेपासून किमान ५० ते ७५ मीटर पुढे न्यावा, आणि जागा असेल तर बससाठी खाच काढावी. चौकाच्या अलीकडे थांबा ठेवणं आणखी वाईट, कारण थांबलेली बस डावीकडे वळणाऱ्यांचं आणि सरळ जाणाऱ्यांचं तोंड एकदम बंद करते. ऑटोवाल्यांना नुसतं हाकलून काहीही साधत नाही. प्रवासी जिथं उतरतो तिथंच ऑटो उभा राहणार. थांबा पुढे नेला की ऑटोसाठी पाच-सहा गाड्यांची आखलेली जागा थांब्याच्याही पुढे द्यायची, म्हणजे ते आपोआप तिकडे सरकतात. गणेशपेठ बसस्थानकाच्या आणि बैद्यनाथ चौकाच्या परिसरात खाजगी ट्रॅव्हल्सच्या बसही रस्त्यावरच माणसं चढवत आल्या आहेत. एका बसला सामान चढवून निघायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात सिग्नलची पाच-सहा चक्रं होऊन जातात. तिथं चौकाच्या आकाराचं कितीही सुंदर काम केलं तरी बससाठी रस्त्याबाहेर जागा मिळेपर्यंत फरक पडणार नाही.

पार्किंगबंदीच्या पाट्या लावायच्या तर त्यासोबत उंच कर्ब (फूटपाथची कड), बोलार्ड म्हणजे बुटके खांब किंवा फूटपाथची रुंदी वाढवून जागाच काढून घ्यावी. मोकळी डांबरी किंवा गट्टूची कड दिसली की तिथं गाडी लागणारच. बोलार्डमध्ये दीड मीटरपर्यंत अंतर ठेवलं तर व्हीलचेअर जाते आणि कार जात नाही, पण दुचाकी जाते. दुचाकीसाठी वेगळी आखलेली पार्किंग जवळच्या गल्लीत द्यावीच लागते.

डावं वळण

'फ्री लेफ्ट' ही आपल्याकडची आवडती पाटी आहे, पण खाली रस्ता मोकळा नसेल तर ती पाटी निरर्थक ठरते. सरळ जाणाऱ्या दुचाकी लाल दिव्याला डाव्या कडेनं पुढे सरकतात आणि नेमक्या वळणाच्या तोंडात उभ्या राहतात. मागचा हॉर्न वाजवत बसतो. डावं वळण खऱ्या अर्थानं मोकळं ठेवायचं असेल तर त्रिकोणी आयलंडनं वेगळा केलेला पट्टा लागतो, आणि तो पट्टा स्टॉप लाइनपासून निदान ३०-४० मीटर आधी सुरू झाला पाहिजे. आयलंड चौकाच्या कोपऱ्यावर आणि रांग त्याच्याही मागे गेलेली, अशी स्थिती असेल तर पट्टा असून नसल्यासारखाच.

पट्ट्याची रुंदी ४ ते ४.५ मीटर पुरे. त्याहून रुंद केला की तिथं ऑटो उभा राहतो. वळणाची त्रिज्या कोणत्या गाड्या वळतात त्यावर ठरवावी. वस्तीतल्या रस्त्यांना ६ ते ९ मीटर ठीक आहे. हिंगणा रोडवर एमआयडीसीकडे किंवा कळमना बाजाराकडे ट्रक वळतात तिथं १२-१५ मीटर लागते. मोठी त्रिज्या सगळीकडे देणं चूक आहे, कारण त्यामुळे कार ४०-५० च्या वेगानं वळते आणि नेमकं तिथंच पायी माणूस रस्ता ओलांडत असतो. पट्ट्याच्या मधोमध झेब्रा आणि त्याला फूटपाथच्या उंचीला आणणारा उंचवटा, ही जोडी वेग आपोआप कमी करते.

ज्या चौकात पायी माणसं खूप आहेत, उदाहरणार्थ सीताबर्डीच्या बाजूला, तिथं फ्री लेफ्ट काढून टाकणं आम्हाला जास्त योग्य वाटतं. अखंड वाहणारं डावं वळण असलं की चालणाऱ्याला एकही क्षण हक्काचा मिळत नाही.

उजवं वळण आणि सिग्नलचं गणित

चौकाचा खरा पेच उजव्या वळणात असतो. दोन्ही बाजूंनी ये-जा असलेल्या चार रस्त्यांच्या चौकात वाहनांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना भिडतात, त्यातल्या १६ ठिकाणी एकमेकींना छेदतात, आणि या छेदण्यातला मोठा वाटा उजव्या वळणांचा असतो. टी-पॉइंटला ही भिडण्याची ठिकाणं फक्त ९ असतात. यावर सोपा उपाय म्हणून प्रत्येक रस्त्याला एकट्याला हिरवा देतात: आधी एक बाजू, मग दुसरी, तिसरी, चौथी. पोलिसांच्या दृष्टीनं हे सुटसुटीत आहे, भांडणं होत नाहीत. पण याची किंमत किती मोजावी लागते ते एकदा आकड्यांत पाहायला हवं.

समजा मोठ्या रस्त्याची येण्याची बाजू ९ मीटर रुंद आहे. रुंदीच्या प्रत्येक मीटरमागे तासाला ५२५ पीसीयू जाऊ शकतात हा आयआरसीचा, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचा, जुना ठोकताळा, म्हणजे ९ मीटरमधून ४७२५. तिथून तासाला १४०० पीसीयू येतात. येणाऱ्यांना क्षमतेनं भागलं तर भागाकार ०.२९६. समोरची बाजू थोडी हलकी, ०.२७. आडवा रस्ता ७ मीटरचा, क्षमता ३६७५, येतात ७३५, म्हणजे ०.२०. त्याच्या समोरची बाजू ०.१६. प्रत्येक टप्प्यात सुरुवातीला आणि शेवटी मिळून ५ सेकंद वाया जातात असं धरू. चक्राची लांबी काढायच्या वेबस्टरच्या सूत्रात वाया जाणाऱ्या एकूण वेळेची दीडपट घेऊन त्यात ५ मिळवतात, आणि त्याला १ वजा त्या भागाकारांची बेरीज यानं भागतात. मिळतात ते चक्राचे योग्य सेकंद.

चारही बाजू वेगवेगळ्या सोडल्या तर बेरीज ०.९२६ होते, वाया जाणारा वेळ २० सेकंद, आणि चक्र येतं साडेचारशे सेकंदांच्या वर. म्हणजे तो चौक या पद्धतीनं चालूच शकत नाही. मग चक्र १८० सेकंदांवर अडकवून ठेवतात आणि रांगा वाढत राहतात. समोरासमोरच्या बाजू एकत्र सोडल्या तर प्रत्येक जोडीतली मोठी बाजू तेवढी मोजायची: ०.२९६ अधिक ०.२०, म्हणजे ०.४९६. वाया जाणारा वेळ १०. चक्र ४० सेकंद. वाहनं तीच, रस्ता तोच.

अर्थात दोन टप्प्यांत उजवीकडे वळणाऱ्यांचं काय, हा प्रश्न उरतोच. दर चक्राला दोन-तीन गाड्या पिवळ्या दिव्यात निघून जातात. त्याहून जास्त असतील तर त्या चौकाच्या मध्ये उभ्या राहून मागच्यांना अडवतात. अशा वेळी मोठ्या रस्त्याच्या दोन्ही उजव्या वळणांना मिळून एक वेगळा टप्पा द्यायचा आणि त्या गाड्यांना उभं राहायला वेगळी खिशासारखी जागा करायची. डिव्हायडर ४ मीटरचा असेल तर तोंडाशी तो १ मीटरवर आणून ३ मीटरचा पट्टा सहज निघतो. वरच्याच उदाहरणात १४०० पैकी २१० पीसीयू उजवीकडे वळतात असं धरा. ३ मीटरच्या एका पट्ट्यातून तासाला सुमारे १८५० जाऊ शकतात, म्हणून भागाकार ०.११४. सरळ आणि डावीकडचे मिळून ११९० उरले, ०.२५२. आडवा रस्ता ०.२०. तीन टप्पे, १५ सेकंद वाया, चक्र ६३ सेकंद. उजव्या वळणाला हक्काचा वेळ देऊनही एका मिनिटाच्या आसपास काम भागलं.

आता त्या खिशाची लांबी. ६३ सेकंदांच्या चक्रात दर वेळी सरासरी पावणेचार पीसीयू जमतात. गर्दीचा चढउतार धरून दुप्पट करायचे, प्रत्येकी ६ मीटर. म्हणजे ४५ मीटर आणि आधी निमुळतं होत जाणारं तोंड २०-३० मीटर. एवढी जागा बहुतेक चौकांत मिळते. हेच चक्र १८० सेकंदांचं असेल तर दर वेळी साडेदहा पीसीयू जमतात आणि सव्वाशे मीटरचा खिसा लागतो. तो मिळत नाही, रांग खिशाबाहेर येऊन सरळ जाणाऱ्यांना अडवते, मग कुणीतरी म्हणतं चक्र अजून वाढवा.

चक्र वाढवल्यानं जास्त वाहनं निघतात हा समज फार घट्ट आहे. चार टप्प्यांच्या चौकात २० सेकंद वाया जातात. १२० सेकंदांच्या चक्रात उपयोगाचा वेळ ८३ टक्के, १८० च्या चक्रात ८९ टक्के. फायदा सहा टक्क्यांचा, आणि तोही कागदावर. कारण हिरवा ४०-५० सेकंदांच्या पुढे गेला की स्टॉप लाइनजवळची दाट रांग संपलेली असते आणि मागची वाहनं विरळ येत असतात. रांग मात्र लाल दिव्याच्या लांबीनं वाढते. वरच्या १४०० पीसीयूच्या बाजूला ८५ सेकंद लाल मिळाला तर ६५ मीटरची रांग लागते, १३० सेकंद मिळाला तर १०० मीटरची. व्हरायटी चौक, मुंजे चौक, झाशी राणी चौक यांसारखे हाकेच्या अंतरावरचे चौक असतील तर ती रांग मागच्या चौकाच्या पोटात जाऊन बसते. १२० सेकंदांच्या वर चक्र नेऊ नये, आणि तिथवरही नाइलाज असेल तरच जावं.

छोट्या चक्राला एक खरी मर्यादा आहे, ती पायी चालणाऱ्याची. ओलांडायचं अंतर भागिले सेकंदाला १.२ मीटर, त्यात सुरुवातीचे ७ सेकंद मिळवायचे. मोठा रस्ता दोन्ही बाजू धरून १८ मीटरचा असेल तर २२ सेकंद लागतात. हे सेकंद आडव्या रस्त्याच्या हिरव्यात बसवावे लागतात, म्हणून वरचं ४० सेकंदांचं चक्र प्रत्यक्षात ६५ वर जातं. डिव्हायडरमध्ये झेब्र्याच्या रेषेत किमान १.२, शक्यतो २ मीटर रुंदीची थांबायची जागा केली तर माणूस दोन टप्प्यांत ओलांडतो. एका टप्प्याला १५ सेकंद पुरतात आणि चक्र पुन्हा ४७ वर येतं. चालणाऱ्यासाठी केलेली दोन मीटरची जागा गाडीवाल्याचे १८ सेकंद वाचवते. तरीही आपल्याकडे डिव्हायडरच्या तोंडाशी झाडांच्या कुंड्या आणि कमानीच जास्त दिसतात.

पिवळा ३ सेकंदांहून कमी करू नये. ताशी ४० किलोमीटरनं येणाऱ्याला एक सेकंद विचाराला आणि बाकी ब्रेकला लागतो, हिशेब बरोबर ३ च्या जवळ येतो. त्यानंतर सगळीकडे लाल असे एक-दोन सेकंद द्यावेत, रुंद चौकात तीन. हे सेकंद वाचवायला गेलं की शेवटी निघालेली बस मध्ये अडकते आणि त्यात दहा सेकंद जातात.

लागोपाठच्या चौकांचे सिग्नल जोडायचे असतील तर सगळ्यांचं चक्र सारखं हवं, ही पहिली अट. एक ९० आणि पुढचा ११० असेल तर जुळलेला हिरवा दोन-तीन चक्रांत विस्कटतो. ४०० मीटरवरच्या चौकाला ताशी ३६ किलोमीटरनं पोहोचायला ४० सेकंद लागतात, तेवढा तिथला हिरवा उशिरा सुरू करायचा. सेंट्रल अॅव्हेन्यूसारख्या सरळ रस्त्याला हे चांगलं लागू पडतं. दिवसाला एकच वेळापत्रक ठेवू नये. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि रात्र असे निदान चार आराखडे हवेत. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशनाच्या मोर्चांसाठी आणि दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत राहाटे कॉलनी, लक्ष्मीनगर या बाजूंसाठी वेगळे आराखडे आधीच तयार करून सिग्नलच्या कंट्रोलरमध्ये भरून ठेवता येतात.

ऊन, पिलर, सिमेंट रस्ता

बाहेरच्या पुस्तकांत न सापडणाऱ्या काही गोष्टी नागपुरात लक्षात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे मे महिना. पारा ४५ च्या घरात गेला की दुचाकीवाले स्टॉप लाइनवर थांबत नाहीत, तीस मीटर मागे झाडाच्या किंवा मेट्रो पिलरच्या सावलीत थांबतात. हिरवा लागल्यावर तिथून रेषेपर्यंत यायला चार-पाच सेकंद जातात, ते सगळे वाया. आणि वाहनं पाहून आपोआप चालणारा सिग्नल असेल तर रेषेजवळ रोखलेल्या कॅमेऱ्याला रस्ता रिकामा दिसतो, हिरवा लवकर तुटतो. उन्हाळ्यात कॅमेऱ्याची पाहण्याची चौकट मागे वाढवावी, दुपारचं चक्र शक्य तितकं छोटं करावं, आणि थांबायच्या जागेवर हिरव्या जाळीचं छत घालता आलं तर उत्तम. छताखाली ५.५ मीटर उंची मोकळी हवी आणि सिग्नलचा दिवा त्याआड जाता कामा नये.

दुसरी गोष्ट पिलरची. डिव्हायडरमधला पिलर यू-टर्नच्या तोंडाशी आला की वळणाऱ्याला समोरून येणारी दुचाकी शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. तोंड एखाद्या गाडीच्या लांबीनं पुढेमागे सरकवलं तरी नजर मोकळी होते. चौकाच्या अलीकडे तीस मीटरपर्यंत डिव्हायडरमधली झाडं गुडघ्याच्या वर वाढू देऊ नयेत. उजवं वळण बंद करून पुढे यू-टर्न द्यायचा विचार असेल तर रुंदी आधी मोजा. कारला वळायला साधारण १२ मीटर लागतात, मोठ्या बसला २४ च्या आसपास. बस तिथं वळू शकणार नसेल तर तिच्यासाठी दुसरा मार्ग आधी ठरवा, नाहीतर ती पुढे-मागे करत दोन्ही बाजू अडवते.

तिसरी गोष्ट सिमेंटचे रस्ते. मुख्य रस्ता सिमेंटचा झाला की त्याची पातळी वर येते आणि गल्लीचं तोंड खाली राहतं. त्या चढाशी प्रत्येक गाडी ब्रेक मारते, पावसाळ्यात तिथंच डबकं साचतं, आणि डाव्या कडेचे दीड-दोन मीटर कुणी वापरत नाही. सिमेंट ओतण्याआधी गल्लीचा उतार किमान पाच-सात मीटरपर्यंत मागे न्यायचा आणि पाण्याची जाळी चौकाच्या कोपऱ्यावर न ठेवता झेब्र्याच्या अलीकडे घ्यायची. त्याच वेळी चौकाच्या चारही बाजूंना आडवे पाइप टाकून ठेवावेत, किमान दोन-दोन, १०० ते १५० मिलिमीटरचे, टोकाला चेंबर असलेले. सिग्नलची, कॅमेऱ्याची केबल पुढे त्यातून जाते. हे राहून गेलं तर वर्षभरात कटर मशीन येते आणि नव्या पॅनेलला चीर पडते.

सिमेंटच्या करड्या रंगावर पांढरी रेष उन्हात दिसत नाही. थर्माप्लास्टिकच्या (गरम करून ओतायच्या रंगाच्या) रेषेला दोन्ही कडांनी काळी किनार द्यावी. खाली प्रायमर मारल्याशिवाय थर्माप्लास्टिक सिमेंटवर धरत नाही, पहिल्या पावसाळ्यात पापुद्र्यासारखं निघतं. जाडी २.५ मिलिमीटर आणि वर काचेचे मणी. जुनी रेष काळ्या रंगानं झाकू नये, घासून काढावी. रात्री ओल्या रस्त्यावर दोन्ही रेषा चमकतात आणि वाहनं भलत्याच पट्ट्यात जातात.

गोल चौक कुठे ठेवायचा

गोल चौकाला नावं ठेवण्याची पद्धत पडली आहे, पण योग्य जागी तो सिग्नलपेक्षा चांगला चालतो. एकेरी पट्ट्यांच्या गोल चौकात भिडण्याची ठिकाणं फक्त ८ असतात आणि छेदणं नसतंच. सगळ्या बाजूंनी मिळून तासाला ३००० वाहनांपर्यंत तो झेपतो असा आयआरसीचा जुना दंडक आहे. त्यापुढे तो स्वतःभोवतीच गुंडाळला जातो: आत फिरणारे बाहेर पडू शकत नाहीत, बाहेरचे घुसत राहतात. लक्ष्मीनगरच्या आठ रस्ता चौकासारख्या ठिकाणी, जिथं रस्तेच इतके फुटतात, सिग्नलचे टप्पे वाटणं अवघड आहे. तिथं गोल ठेवून लहान रस्त्यांपैकी काही फक्त बाहेर जाण्यासाठी किंवा फक्त डावीकडे वळण्यासाठी ठेवले तर ताण बराच कमी होतो.

गोल चौक बिघडतो तो बहुधा फिरण्याचा रस्ता फार रुंद ठेवल्यानं. त्याची रुंदी सर्वांत रुंद तोंडाएवढी किंवा फार तर सव्वापट असावी. त्याहून जास्त असली तर आत तीन-चार रांगा तयार होतात आणि आतल्या रांगेतला बाहेर पडताना सगळ्यांना कापत जातो. येणाऱ्या वाहनाला डावीकडे थोडं वाकावं लागेल असं आयलंड तोंडाशी हवं, सरळ शिरता आलं की वेग कमी होत नाही. आधीपासून आत असलेल्याला, म्हणजे आपल्या उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम तोंडाशी त्रिकोणी खुणांनी रंगवावा.

आधी ड्रमनं करून बघा

एकाच चौकात रस्ता एकाचा, सिग्नल दुसऱ्याचा, पिलर मेट्रोचा, विजेची डीपी (पेटी) महावितरणची, जलवाहिनी आणखी कुणाची आणि नियमन वाहतूक पोलिसांचं अशी स्थिती असते. नागपूर सुधार प्रन्यासच्या लेआउटमधून आलेला रस्ता आणि राष्ट्रीय महामार्गाचा तुकडा एकाच ठिकाणी मिळतात. त्यामुळे नकाशावर सर्वांच्या सह्या होण्याआधी सगळ्यांना घेऊन एकदा जागेवर, गर्दीच्या वेळी, उभं राहणं आवश्यक आहे. डीपी आणि खांब हलवायचे असतील तर ते काम सगळ्यांत आधी सुरू करावं. कर्ब तयार आणि डीपी वळणाच्या मधोमध, असं दृश्य त्यामुळेच दिसतं.

कायमचं बांधकाम करण्याआधी पाण्यानं भरलेले बॅरिअर, वाळूची पोती, ड्रम आणि रंग वापरून नवा आकार पंधरा दिवस ते महिनाभर चालवावा. प्लास्टिकचे लवचिक खांब आपल्या उन्हात एका मोसमात ठिसूळ होतात, म्हणून तोंडाच्या पुढच्या टोकावर तरी सिमेंटचा ठोकळा ठेवावा, त्यावर चमकणारी पट्टी आणि रात्री लुकलुकणारा दिवा. पहिले तीन-चार दिवस गोंधळ होणारच, लोकांच्या हाताला जुनं वळण बसलेलं असतं. त्या दिवसांत वाहतूक पोलीस उभे असावेत, आणि त्या दिवसांची मोजणी हिशेबात धरू नये. दुसऱ्या आठवड्यापासून खुणांवरून रांग मोजायची, हिरवा संपताना मागे राहिलेल्या गाड्या मोजायच्या, आणि आजूबाजूच्या दोन चौकांतही तेच मोजायचं, कारण कधीकधी कोंडी संपत नाही, शेजारी सरकते. प्रत्येक बाजूची सर्वांत मोठी गाडी, म्हणजे शाळेची बस, कचऱ्याचा ट्रक, अग्निशमनची गाडी, एकदा मुद्दाम वळवून बघायची. ड्रमला टायर घासल्याच्या खुणा जिथं दिसतात तिथं कर्ब अर्धा मीटर मागे घ्यायचा. एखादा आठवडी बाजाराचा दिवस आणि एखादा मोठा पाऊस या चाचणीत आलाच पाहिजे. डबकं कुठे साचतं ते रंगानं आखून ठेवायचं, जाळीची जागा त्यावरून ठरवायची, आणि मगच सिमेंट ओतायचं.